इंदूरचं इंदुरात होतं तसं: स्वतःच फिनिश शिकताना मन टिकवण्याबद्दल

फिनिश अर्ध्यावर सोडणारे बहुतेक जण ठराविक जागी सोडतात. पहिली गळती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होते. तेव्हा शब्दांची टोकंच नव्हे, पोटंही बदलायला लागतात. दुसरी सहाव्या महिन्याच्या सुमारास, वाक्यातलं कर्म एकदा एका रूपात आणि एकदा दुसऱ्याच रूपात का येतं हे कळेनासं झालं की. तिसरी वर्षभरानं. पुस्तक नीट समजत असतं, पण खरा फिन माणूस बोलायला लागला की ओळखीचा एक शब्द कानावर पडत नाही. इंदूरला आम्ही काही जण एकमेकांच्या आधारानं ही भाषा शिकतो आहोत. सगळ्यांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या की रिकामी पानं याच जागी सुरू झालेली दिसतात. आपण म्हणतो मन लागत नाही, जिद्द कमी पडते. पण रिकाम्या पानाच्या आधीचं पान वाचलं की तिथं एखादी न सुटलेली गाठ असते. ती सुटली की माणूस दुसऱ्या दिवशी आपोआप वही उघडतो. म्हणून मन टिकवण्याच्या या लिखाणात व्याकरणच जास्त येणार आहे.

आधी वेळेचा हिशोब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी फिनिशला ४४ आठवडे, म्हणजे ११०० तासांचे वर्ग धरते. हिंदीही त्याच गटात आहे. रोज पाऊण तास दिला तर ११०० तासांना ४ वर्षं लागतात. हा आकडा कामकाजापुरती भाषा येण्याचा आहे. बातमी समजणं, दुकानात बोलणं, पत्र लिहिणं त्याच्या बरंच आधी जमतं. तरीही आकडा पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. सहा महिन्यांत अस्खलित, असल्या जाहिराती वाचून बसलेला माणूस सातव्या महिन्यात स्वतःला मंद समजायला लागतो, आणि हे नुकसान खरं मोठं असतं.

पाऊण तासाचे तुकडे करावेत: सकाळी १५ मिनिटं शब्दकार्डं, संध्याकाळी २० मिनिटं धडा किंवा मजकूर, झोपण्यापूर्वी १० मिनिटं ऐकणं. एकदम पाऊण तास काढायचा ठरवलं की तो निघत नाही.

पहिले दहा दिवस फक्त आवाज. इथं मराठी माणसाला मोठी सोय आहे आणि एक धोका. फिनिश 'त' दातांना जीभ लावून म्हणतात, आपल्या 'त'सारखाच. इंग्रजी शाळेच्या सवयीनं आपण त्याचा 'ट' करतो आणि 'तालो' म्हणजे घर, त्याचं 'टालो' होतं. इंग्रजी बाजूला ठेवावं. प, त, क हे तिन्ही वर्ण आपल्यासारखेच, हवेचा झोत न सोडता. त्यांचा 'व' आपल्या 'व'सारखा, 'र' आपल्यासारखा खणखणीत, आणि 'जे' हे अक्षर ते 'य' वाचतात, त्यामुळे जिलेबी रोमनमध्ये 'jalebi' अशी लिहून दिली तर फिन माणूस 'यालेबी' वाचेल. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर.

धोका स्वरांच्या लांबीचा आहे. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना फारसं पाळत नाही. फिनिशमध्ये तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा आणि तुल्लि म्हणजे जकात. 'आ' तर आपल्याकडे दीर्घच असतो, त्यांच्याकडे आखूड आणि लांब असे दोन. लांब 'आ' दाखवायला आम्ही अवग्रह वापरतो: तापान म्हणजे मी ठार मारतो, तापाऽन म्हणजे मी भेटतो. यावर उपाय म्हणजे टाळी. आखूड स्वराला एक टाळी, लांबाला दोन, जोडाक्षर असेल तर मध्ये थांबून. रोज वीस शब्द असे टाळ्या वाजवत म्हणावेत. दहा दिवसांत कान तयार होतो. हे टाळलं तर सहा महिन्यांनी ऐकलेलं समजत नाही, आणि कारण मात्र शब्दसंग्रहात शोधलं जातं.

दोन टिंबांच्या 'ए'साठी आपला 'ॲ' चालतो. दोन टिंबांचा 'ओ' आणि 'वाय' या अक्षराचा स्वर देवनागरीत बसत नाहीत. 'ए' म्हणत ओठ 'ओ'सारखे गोल करा, पहिला मिळेल. 'ई' म्हणत ओठ 'ऊ'सारखे करा, दुसरा मिळेल. म्हणूनच अकराव्या दिवसापासून देवनागरीत लिहून घेणं बंद करावं. फिनिश जशी लिहितात तशीच वाचतात, त्यामुळे रोमन लिपीवर नजर बसायला वेळ लागत नाही. (या लेखात देवनागरी वापरतो आहोत ती वाचण्याच्या सोयीपुरती.) फोनमध्ये फिनिश कीबोर्ड पहिल्याच दिवशी घालून घ्यावा. टिंबं गाळायची सवय लागली तर 'सॅऽ' म्हणजे हवामान आणि 'साऽ' म्हणजे मिळतं, हे एकच दिसायला लागतं.

आता पहिली गाठ. फिनिशमध्ये १५ विभक्ती, हे वाक्य ऐकूनच पुष्कळांचं अवसान जातं. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं त्या पंधरांचा तक्ता समोर ठेवतात, कारण इंग्रजीत असं काहीच नसतं. मराठी माणसानं तो तक्ता मिटून आपल्या घरातली वाक्यं काढावीत. तालो म्हणजे घर. तालोस्सा म्हणजे घरात, तालोस्ता म्हणजे घरातून. तालोन ताकाना म्हणजे घराच्या मागे: आधी 'च्या', मग 'मागे', अगदी आपल्या क्रमानं. सिल्लान आल्ला म्हणजे पुलाच्या खाली. मिनुल्ला ओन आउतो, माझ्याकडे गाडी आहे. 'जवळ असणं' यासाठी इंग्रजीसारखं वेगळं क्रियापद त्यांच्याकडे नाही, आपल्याकडेही नाही. मिनॅकिन म्हणजे मीही. तुलेत्को? म्हणजे येतोस का? नकार तर बघण्यासारखा आहे. त्यांचं 'नाही' पुरुषाप्रमाणे बदलतं आणि मुख्य क्रियापद तसंच राहतं: एन तुले, एत तुले, एइवॅत तुले. मी येत नाही, तू येत नाहीस, ते येत नाहीत. 'येत' हललं नाही, 'नाही' हललं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यावर वेगळा धडा लागतो.

पुढे जाऊन भेटणाऱ्या रचनाही अशाच. कातोल्ला ओलेवा किस्सा म्हणजे छपरावर असलेली मांजर. (किस्सा म्हणजे मांजर, हा शब्द एकदा ऐकून विसरता येत नाही.) एइलेन ओस्तामानि किर्या म्हणजे काल मी घेतलेलं पुस्तक. कोतीन तुल्तुआनि म्हणजे घरी आल्यावर. इंग्रजी पुस्तकांत या रचना शेवटच्या भागात, अवघड म्हणून येतात. त्या शब्दशः आपल्या आहेत.

शब्दाचं पोट बदलतं ते का, हेही आपल्याकडेच सापडतं. आपण 'इंदूर'ला प्रत्यय लावतो तेव्हा 'इंदूरात' म्हणत नाही, 'इंदुरात' म्हणतो. पाऊस-पावसात, माणूस-माणसाला. याला सामान्यरूप म्हणतात. फिनिशमध्ये कातु म्हणजे रस्ता, कादुन म्हणजे रस्त्याचा. कुक्का म्हणजे फूल, कुकान म्हणजे फुलाचं. काउप्पा म्हणजे दुकान, काउपास्ता म्हणजे दुकानातून. हेल्सिंकी आणि हेल्सिंगिस्सॅ. क्क, प्प, त्त असं जोडाक्षर असेल तर प्रत्यय लागून अक्षर बंद झालं, म्हणजे व्यंजनावर संपलं, की ते सुटं होतं, एकटा 'त' असेल तर 'द' होतो, 'प' असेल तर 'व'. याचे नियम दोन पानांत मावतात. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं मराठी बोलतात पण शाळेत हिंदी-इंग्रजी शिकलेली असतात, त्यामुळे सामान्यरूप, विभक्ती हे शब्दच त्यांच्या कानावरून गेलेले नसतात. घरात आजी-आजोबांचं जुनं मराठी व्याकरण असेल तर ते खाली काढावं आणि नामाचं प्रकरण एकदा वाचावं. फिनिशसाठी तो एक रविवार सत्कारणी लागतो.

मराठी एका जागी मात्र फसवते. आपण 'इंदूरला राहतो' आणि 'इंदूरला जातो' दोन्हीकडे 'ला' लावतो. घरात आहे, घरात शिरतो, दोन्हीकडे 'त'. फिनिशमध्ये असण्याची विभक्ती वेगळी, जाण्याची वेगळी. आसुन इन्दोरेस्सा, मी इंदूरला राहतो. मेनेन इन्दोरेऽन, मी इंदूरला जातो. तुलेन इन्दोरेस्ता, मी इंदूरहून येतो. छपराचंही तसंच: कातोल्ला वर आहे, कातोल्ले वर चढतो, कातोल्ता वरून उतरतो. मराठी माणसाच्या हातून पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. उपाय साधा आहे. जागेचा शब्द कधी एकटा पाठ करू नये, तिघांची जुडी करावी: आहे, जातो, येतो. रीगल चौक, राजवाडा, छपन्न दुकान, आपलं घर, आपलं ऑफिस अशा रोजच्या पाच जागा घेऊन दिवसभर जिथं असाल तिथं मनात ती जुडी म्हणावी. आठवड्याभरात जीभ बसते.

शब्दकार्डांसाठी आम्ही आंकी (उजळणी करून घेणारं अॅप) वापरतो. तिच्यात मुळात रोज २० नवी कार्डं ठरवलेली असतात. तो आकडा ८ वर आणावा. नवं कार्ड एकदा येऊन जात नाही, पुढच्या काही आठवड्यांत सात-आठ वेळा परत येतं. रोज २० घेतली की महिन्याभरात सकाळी दीडशे-दोनशे कार्डं वाट पाहत असतात, १५ मिनिटांची ४५ होतात, आणि माणूस अॅप उघडायचंच टाळतो. उजळणीची रोजची मर्यादाही ७०च्या पुढे नेऊ नये. एखादं कार्ड ८ वेळा चुकलं की आंकी त्याला खूण करते. अशा कार्डाशी झगडू नये. ते पुसावं आणि तोच शब्द वेगळ्या वाक्यात घालून नवं करावं. चूक बहुधा कार्डाची असते.

कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे फिनिश. इंग्रजी मध्ये आणू नये, नाहीतर वरची सगळी जवळीक वाया जाते. नाम असेल तर मागे चार रूपं लिहावीत: कातु, कादुन, कातुआ, कातुया. म्हणजे मूळ, 'चा'चं, अंशाचं (ही विभक्ती पुढे येते) आणि अनेकवचनी अंशाचं. ही चार आली की बाकी रूपं त्यांच्यावरून बांधता येतात. क्रियापदाची तीन: लुकेआ, लुएन, लुइन. वाचणे, वाचतो, वाचलं. रूपांची खात्री विक्शनरी या ऑनलाइन कोशात होते, तिथं बहुतेक शब्दांचा पूर्ण तक्ता असतो. फिनलंडच्या भाषासंस्थेचा मोठा कोशही फुकट पाहता येतो, पण तो फिनिशमधूनच आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावा.

आणि शब्द कुठले? सगळी पाठ्यपुस्तकं बर्फानं भरलेली असतात. लुमि म्हणजे बर्फ, पाक्कानेन म्हणजे शून्याखालची थंडी. इंदूरला बसून हे शब्द आपण वापरणार कधी? वापरला नाही तो शब्द राहत नाही. आपल्या दिवसाला लागणारे आधी घ्यावेत: ऊन, घाम, धूळ, रिक्षा, गर्दी, वीज जाणे. हेल्ले म्हणजे कडक उकाडा. फिनलंडच्या हवामान खात्याच्या लेखी कमाल तापमान २५ अंशांच्या वर गेलं की तो हेल्लेचा दिवस. या मापानं इंदूरची जानेवारीतली पुष्कळशी दुपारसुद्धा हेल्ले ठरते. हा शब्द आमच्यात कुणालाच पुन्हा पाठ करावा लागला नाही. आपल्या पदार्थांची नावंही बेलाशक फिनिश विभक्तीत घालावीत. सोइन आऽमुल्ला पोहाऽ या यालेबिआ: सकाळी पोहे आणि जिलेबी खाल्ली.

त्या वाक्यात पोहाऽ आणि यालेबिआ का, यातच दुसरी गाठ आहे. ही विभक्ती पार्तितीवि, आपण तिला अंशाची विभक्ती म्हणू. पुस्तकं तिच्या उपयोगांची यादी देतात: एकापेक्षा मोठ्या संख्येनंतर, नकारानंतर, मोजता न येणाऱ्या वस्तूला, चालू क्रियेच्या कर्माला, प्रेम-द्वेषाच्या क्रियापदांना. यादी पाठ होते आणि बोलताना एकही कलम आठवत नाही. इथं माणसं खचतात. आम्हालाही बराच काळ ही यादीच पुढे ढकलत राहावी लागली, तोवर तिचं मराठी रूप हाती लागलं नव्हतं.

लुएन किर्याऽ म्हणजे मी पुस्तक वाचतोय. लुएन किर्यान म्हणजे मी पुस्तक वाचून टाकतो. फरक एवढाच. काम पुरं होणार की नाही हे फिनिश माणूस नामाच्या टोकाला सांगतो. आपण क्रियापदाच्या शेपटाला सांगतो, टाकणे, काढणे, घेणे लावून. युओन काह्विआ, कॉफी पितोय. योइन काह्विन, कॉफी पिऊन टाकली. मनात मराठी वाक्य आणावं आणि विचारावं, इथं 'टाकलं' किंवा 'काढलं' बसतं का? बसत असेल तर पूर्ण कर्म. बसत नसेल तर अंश. आता नकार बघा. मराठीत 'मी पुस्तक वाचून टाकलं नाही' असं आपण सहसा म्हणत नाही, 'वाचलं नाही' म्हणतो. नाही आलं की टाकलं निघून जातं. फिनिशमध्येही नकार आला की पूर्ण कर्म जाऊन अंशाचं येतं: एन लुए किर्याऽ. जे घडलंच नाही ते पुरं होण्याचा प्रश्न येत नाही, हे दोन्ही भाषांना सारखंच सुचलेलं आहे. प्रेमाच्या क्रियापदालाही हीच कसोटी लावून पाहा. 'मी तुझ्यावर प्रेम करून टाकलं' कुणी म्हणत नाही. म्हणून तिथं अंश.

ही कसोटी सगळीकडे पुरत नाही. संख्या हा वेगळा नियम आहे: काक्सि तालोआ, दोन घरं, इथं अंश येतो आणि तो सरळ पाठच करावा लागतो. पोह्यांचं कारण प्रमाणाचं आहे, किती ते ठरलेलं नाही म्हणून अंश. पण कर्माच्या बाबतीत दहापैकी बहुतेक वेळा 'टाकलं' कामी येतं. सरावासाठी रोज पाच मराठी वाक्यं लिहावीत आणि प्रत्येकाची तीन रूपं करावीत: करतोय, करून टाकलं, केलं नाही. पंधरा वाक्यांना वीस मिनिटं लागतात. तीन आठवडे हे केलं तर सहाव्या महिन्याची गळती होत नाही, असं आमच्यातल्या प्रत्येकाबाबत दिसलं आहे. या तीन आठवड्यांत दुसरं नवं व्याकरण घेऊ नये.

ऐकण्यासाठी फिनलंडच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या, यूलेच्या, सोप्या फिनिशमधल्या बातम्या आहेत. सावकाश वाचतात, वाक्यं आखूड असतात आणि मजकूरही देतात. आधी मजकूर न पाहता एकदा ऐकावं, मग वाचावं, न आलेल्यांपैकी फक्त पाच शब्द काढावेत, मग मजकूर पाहत दोनदा आणि न पाहता एकदा. तेवढं पुरे. यूलेचे काही कार्यक्रम हक्कांमुळे फिनलंडबाहेर दिसत नाहीत, ते दिसत नाहीत म्हणून फोन बिघडला असं समजू नये. कालेवाला मात्र सुरुवातीला हाती घेऊ नये. १८३५ साली निघालेलं ते महाकाव्य फिनिश भाषेचं मोठं धन आहे, पण त्याची भाषा जुनी, लोकगीतांची. ज्ञानेश्वरीवरून आजची मराठी शिकायला बसल्यासारखं होतं.

तिसरी गाठ बोलीची. पुस्तकी फिनिश आणि बोललेली फिनिश यांत अंतर मोठं आहे आणि बहुतेक पुस्तकं ते उशिरा सांगतात. मिनॅ ओलेन, मी आहे, हे बोलताना मॅ ओऽन होतं. ओन्को सिनुल्ला, तुझ्याकडे आहे का, याचं ओन्क्स सुल्ला. मे मेनेम्मे, आम्ही जातो, याचं मे मेन्नॅऽन, आणि हे रूप मुळात वेगळ्याच प्रयोगाचं. 'तो' किंवा 'ती' यासाठी पुस्तकात हॅन, बोलताना सर्रास से, म्हणजे 'ते'. वर्षभर फक्त पुस्तकी फिनिश ऐकलेल्या माणसाला वाटतं आपलं वर्ष फुकट गेलं. तसं नसतं. बदल थोडे आणि ठराविक आहेत. तिसऱ्या महिन्यापासून वहीत दोन रकाने करावेत, डावीकडे पुस्तकी, उजवीकडे बोली, आणि आठवड्याला तीन जोड्या लिहाव्यात. वर्षाअखेर सव्वाशेच्या वर होतात आणि रोजच्या बोलण्याचा बराचसा भाग त्यात येतो. बोलायला बोली, लिहायला पुस्तकी हे दोन्ही सांभाळणं मराठी माणसाला नवं नाही.

नोंद ठेवण्याबद्दल थोडं. सलग किती दिवस झाले हे मोजू नये. दिवाळी येते, घरात लग्न निघतं, ताप येतो, साखळी तुटते आणि तुटली म्हणून माणूस उरलेलंही सोडतो. आठवड्यातले पाच दिवस मोजावेत. सातातले पाच भरले की आठवडा भरला, उरलेले दोन कुठलेही. वहीत रोजची मिनिटं लिहावीत, बेरीज महिन्याला. दहा दिवसांपेक्षा मोठा खंड पडला तर परतताना आठवडाभर नवं कार्ड शून्य, नवा धडा शून्य, साठलेली उजळणी रोज ७० याच मापानं. साठलेलं एका रविवारात संपवायला बसलेला माणूस सोमवारी परत येत नाही.

प्रगती दिसण्यासाठी आवाज नोंदवावा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला तीच दहा वाक्यं फोनवर बोलून ठेवावीत आणि तीन महिन्यांपूर्वीचं ऐकावं. कालच्यापेक्षा आज काय आलं हे कधीच कळत नाही, तीन महिन्यांचं कळतं. वर्षाच्या मोठ्या नोंदीला आम्ही ९ एप्रिल धरला आहे. फिनलंडमध्ये तो फिनिश भाषेचा दिवस असतो, १५४३ साली पहिलं फिनिश अक्षरपुस्तक छापून आणणाऱ्या मिकाएल आग्रिकोलाच्या नावानं. त्या दिवशी न थांबता दोन मिनिटं, विषय कुठलाही.

दुसरी भाषा जोडायची घाई करू नये, निदान पहिलीत सोपी बातमी मजकुराशिवाय समजेपर्यंत. एस्टोनियन तर त्याच कुळातली, तिचा मोह होतोच. पण हाल्लितुस म्हणजे फिनिशमध्ये सरकार आणि एस्टोनियनमध्ये बुरशी, असे शब्द कच्च्या डोक्यात गोंधळ करतात. लांबची भाषा घेतली तर गोंधळ कमी. आमच्यातले काही जर्मन करतात, काही जपानी, आणि त्यांच्या गाठी वेगळ्या जागी आहेत. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं, पण शब्दागणिक जुळत नाहीत. टेबल आपल्याकडे नपुंसक, त्यांच्याकडे पुल्लिंगी. म्हणून नाम लिंगासकटच कार्डावर. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं ते आपल्याला सहज जमतं. जपानीत वाक्याचा क्रम आपलाच आणि आपल्या ला-त-हूनसारखेच शब्द नामाच्या मागे लागतात, त्यामुळे पहिले सहा महिने भराभर जातात. पुढे चिनी अक्षरं अडवतात, नेहमीच्या वापरासाठी ठरवलेली २१३६ आहेत. तिथं फिनिशच्या मापानं रोज ८ घेतली तर टिकत नाही. रोज ३ आणि तीही शब्दासकट. गाठ कुठली ते भाषेप्रमाणे बदलतं. ती शोधायला मात्र वहीचं रिकाम्याआधीचं पानच उघडावं लागतं.

सहा-सात महिने झाले की एखाद्या फिनिश माणसाशी आठवड्यातून अर्धा तास बोलणं ठरवावं. अर्धा वेळ फिनिश, अर्धा वेळ त्याला हवी ती भाषा, हिंदी किंवा इंग्रजी. हिवाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, उन्हाळ्यात अडीच. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेआठ. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आपली बदलत नाहीत. त्या दोन आठवड्यांत वेळ आधी विचारून घ्यावी, नाहीतर एक जण तासभर वाट पाहत बसतो आणि ठरलेली घडी मोडते.

पहिल्या भेटीसाठी दोन मिनिटांचं लिहून काढलेलं बोलणं तयार ठेवावं: नाव, गाव, काम, आज काय खाल्लं. शिवाय तीन वाक्यं तोंडपाठ असावीत. वोइत्को तोइस्ताऽ, म्हणजे पुन्हा सांगशील का. हिताऽम्मिन, म्हणजे सावकाश. फिनलंडमध्ये बहुतेकांना इंग्रजी चांगलं येतं आणि आपण अडखळलो की ते आपली अडचण कमी व्हावी म्हणून इंग्रजीत शिरतात. त्या वेळी तिसरं वाक्य: पुहुताऽन सुओमेआ, फिनिशमध्ये बोलूया. सुओमि, म्हणजे फिनिश भाषा, या शब्दाचं इथं सुओमेआ झालं आहे, कारण ही तीच अंशाची विभक्ती आहे. भाषा कुणी बोलून टाकत नाही.